सुईदोऱ्याचे प्रश्न: उसवायला लाजू नका

नमस्कार मंडळी. पाऊस सुरू झाला, माणसं घरात बसायला लागली की माझ्याकडे पत्रं वाढतात हा दरवर्षीचा अनुभव आहे, आणि यंदा तर व्हॉट्सॲपवर फोटोच फोटो. अर्धवट रुमाल, वाकडे चौकोन, आजीची फाटकी लेस, सगळं आलंय आणि मला मनापासून आनंद झालाय. सगळ्यांना उत्तरं देता येणार नाहीत म्हणून ज्या प्रश्नांतून बाकीच्यांचंही काम होईल असे निवडलेत. काही उत्तरं लांबली आहेत कारण तिथं सांगण्यासारखं खूप होतं.

मी म्हापशाची, वय २६, घरून काम करते. तीन महिने व्हिडिओ बघून क्रोशा शिकतेय पण माझा चौकोन कधी चौकोन होतच नाही, वर जाता जाता निमुळता होतो आणि शेवटी समोशासारखा दिसतो. त्यात मी डावखुरी. माझ्या हातात कलाच नाही असं समजू का?

नको गं समजू. तुझा फोटो मी झूम करून मोजला, पहिल्या ओळीत २० खांब, म्हणजे क्रोशाचे उभे टाके, आहेत, दुसरीत १९, तिसरीत १८, म्हणजे दर ओळीला बरोब्बर एक खांब गळतोय. हे हाताचं नाही मोजणीचं काम आहे आणि गंमत म्हणजे तू दर वेळी एकाच जागी तीच चूक करतेयस, म्हणजे तुझा हात एकदम स्थिर आहे.

आता नीट ऐक. २० खांबांचा चौकोन हवा तर २२ साखळ्या घालायच्या. पहिला खांब सुईपासून चौथ्या साखळीत. मागे राहिलेल्या त्या तीन साखळ्या म्हणजेच पहिला खांब, तो धरून ओळीच्या शेवटी २० भरतात. मग काम फिरवायचं, तीन साखळ्या घालायच्या, त्या पुन्हा पहिला खांब धरायच्या, म्हणून त्यांच्या अगदी पायथ्याशी असलेला खांब सोडून पुढच्यात सुई घालायची. इथपर्यंत तू बरोबर करतेस. गळती होते ती ओळीच्या दुसऱ्या टोकाला. मागच्या ओळीच्या सुरुवातीला घातलेल्या तीन साखळ्या तिथं उभ्या असतात, खांबासारख्या दिसत नाहीत, जरा बाजूला कललेल्या असतात, म्हणून ओळ संपली असं वाटतं. संपलेली नसते. त्यातल्या सगळ्यात वरच्या साखळीत शेवटचा खांब घालायचाच. सुरुवातीला तिथं वेगळ्या रंगाचा छोटा दोरा अडकवून ठेव, म्हणजे डोळा चुकणार नाही, आणि किमान पहिल्या दहा ओळी तरी प्रत्येक ओळ मोजायची, कंटाळा आला तरी मोजायची.

आणि आता जे केलंयस ते उसव. पूर्ण. मला माहितीय तीन महिन्यांचं काम आहे, जिवावर येईल, पण उसवल्याशिवाय हे काम कुणालाच आलेलं नाही. मी मडगावला असताना शेजारच्या एका मावशीकडे शिकले, त्यांच्या बलकांवावर, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, दुपारी चार वाजता, त्यांचे चष्मे दोन, एक लांबचा एक जवळचा. मी चूक केली की त्या कधी ओरडायच्या नाहीत, फक्त दोऱ्याचं टोक माझ्या हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, ओड. मीच ओढायचं. तो सर्र सर्र आवाज, आणि समोर आठवड्याचं काम पाच मिनिटांत दोऱ्याचा ढीग. पहिल्या वेळी मी रडले होते. मग त्यांनी तो उसवलेला कुरळा दोरा खुर्चीच्या पाठीला गोल गोल गुंडाळला, ओल्या फडक्यानं पुसला आणि रात्रभर तसाच ठेवला, सकाळी दोरा सरळ, नव्यासारखा. तेव्हापासून मला उसवायची भीती राहिली नाही कारण काहीच वाया जात नाही हे डोळ्यांनी बघितलं होतं. उसवताना टाका कसा बसला होता ते उलट्या बाजूनं दिसतं, आणि ते दिसलं की टाका खऱ्या अर्थानं कळतो. विणून जेवढं शिकशील त्याच्या दुप्पट उसवून शिकशील हे मी तुला लिहून देते.

दोरा कुठला वापरतेयस ते फोटोवरून कळलं, काळा आणि बारीक. बदल. शिकताना फिकट रंगाचा जाड कॉटन दोरा आणि ४ एमएमची सुई घे. लोकर नको, आपल्या हवेत हाताला घाम येतो, लोकर बोटाला चिकटते आणि टाके घट्ट होतात. क्रोशाच्या बारीक दोऱ्यावर २०, ४०, ६० असे नंबर असतात, नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक, लोकांना हे उलटं वाटतं आणि नवशिके हौसेनं ६० नंबर आणून डोळे दुखवून घेतात. आणि हो, एका कामाला लागणारा सगळा दोरा एकदम विकत घे, लेबलवरचा शेड नंबर तर बघच पण डाय लॉट नंबरही, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या दोऱ्याचा नंबर, सारखाच आहे ना ते बघ. मला एका दुकानदारानं "तोच रंग आहे" म्हणून दोन वेगळ्या लॉटच्या गुंड्या दिल्या होत्या, दिव्याखाली काही कळलं नाही, आणि बेडशीटच्या मधोमध उन्हात सरळ पट्टा दिसायला लागला.

डावखुरं असणं ही अडचण नाहीच. शिकवणाऱ्याच्या शेजारी नको बसू, समोर बस, म्हणजे तुला आरसा मिळाला. व्हिडिओ असेल तर तो आडवा फ्लिप करून बघ, हल्ली बऱ्याच फोनवर होतं ते. आणखी एक, व्हिडिओ कुठल्या देशाचा आहे ते आधी बघ. अमेरिकन लोक ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात, तोच आपला मुका खांब, म्हणजे बुटका टाका, त्याला ब्रिटिश डबल क्रोशे म्हणतात, आणि आपला खांब म्हणजे अमेरिकन डबल पण ब्रिटिश ट्रेबल. जुन्या ब्रिटिश पुस्तकातला रुमाल अमेरिकन समजून केला तर भलताच काहीतरी होतो. आपल्याकडे गोव्यात तर तिसरी भानगड, जुन्या घरांत पोर्तुगीज पुस्तकं निघतात, शिवाय ब्राझिलियन बायकांचे व्हिडिओ फार सुंदर असतात, त्यात पोंतु बाइशु म्हणजे मुका खांब आणि पोंतु आल्तु म्हणजे खांब. एवढे दोन शब्द पाठ असले की अर्धा व्हिडिओ कळतो.

मडगावहून एक वाचक लिहितात: आजीच्या पेटाऱ्यात तिनं केलेला क्रोशाचा टेबलक्लॉथ सापडला. पिवळा पडलाय, मध्ये दोन ठिकाणी तुटलाय. धुवायची भीती वाटते. टाकवतही नाही.

टाकायचा विचारही करू नका. आपल्याकडे ही कला पोर्तुगीज काळात आली, मिशनरी आणि नन्सनी मुलींना शिकवली, पोर्तुगीजमध्ये लेसला रेन्दा म्हणतात, आणि मग ती चर्चच्या आल्तारावरून घराघरातल्या टेबलावर, उशीच्या कडेला, आमच्या हिंदू घरांत देवाच्या चौरंगावरच्या रुमालापर्यंत पोचली. तुमच्या आजीनं त्यावर किती महिने घातले असतील ते मी फोटोवरून सांगू शकते, मधलं अननसाचं डिझाइन बारीक दोऱ्यात आहे, एक वर्ष तरी सहज.

आधी धुवायचा नाही, आधी तुटलेलं धरायचं. जिथं तुटलंय तिथं सुटे फासे असतात, ते पाण्यात गेले की धावत सुटतात. साध्या शिवणाच्या बारीक पांढऱ्या दोऱ्यानं प्रत्येक सुटा फासा ओवून घ्या, आवळू नका, फक्त ओवा आणि सैल गाठ. मग मोठ्या टबात कोमट पाणी, अगदी सौम्य साबण, त्यात बुडवून ठेवा. पाणी पिवळं होईल, बदला, पुन्हा पिवळं होईल, पुन्हा बदला. दोन दिवस लागले तरी चालतील. चोळायचं नाही, पिळायचं नाही, क्लोरीनचं ब्लीच तर अजिबात नाही, जुना दोरा त्यानं कुजतो, आज पांढरा दिसेल आणि पुढच्या महिन्यात बोटानं तुटेल. पाण्यातून काढताना एका टोकाला धरून उचलू नका, ओल्या कामाचं वजन खूप असतं, खाली चादर घालून चादरीसकट उचला. टॉवेलवर आडवा पसरा, हातानं आकार द्या, कडेचं प्रत्येक टोक न गंजणाऱ्या टाचणीनं टोचा.

दुरुस्तीसाठी दोरा शोधताना पांढराशुभ्र घेऊ नका, कितीही धुतला तरी जुनं काम मोतियाच राहणार. ऑफ व्हाइट घ्या, आधी धुऊन वाळवून घ्या, नाहीतर नवा दोरा नंतर आटेल आणि दुरुस्ती चुण्या घालेल. मग तुटलेल्या भागाच्या भोवतीचं एक शाबूत डिझाइन समोर ठेवून खांब मोजा आणि तेवढाच तुकडा विणून फाश्यांना जोडा. हे स्वतःला जमणार नसेल तर गावात कुणीतरी जुनी बाई असतेच, तिला विचारा आणि शेजारी बसून बघा, पैसेही नीट द्या.

आता ठेवायचं कसं. आपल्या आज्या लेस कडक करायला तांदळाच्या पेजेचं पाणी वापरायच्या, तीच आपली खळ, आणि टेबलावर घालायचा असेल तर ती उत्तमच, पेज गाळून पाण्यासारखी पातळ करून घ्यायची, जाड घातली तर वाळल्यावर पांढरे ठिपके दिसतात. पण ठेवणीत टाकताना खळ पूर्ण धुऊन काढा. कसर खळीवरच येते. पेटाऱ्यात खळ घातलेलं काम ठेवणं म्हणजे किड्यांना जेवायला बोलावणं. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, आत ओल धरते आणि बुरशीचे काळे ठिपके पडतात ते जात नाहीत. धुतलेल्या जुन्या सुती धोतरात किंवा साडीत गुंडाळा आणि दर दोन तीन महिन्यांनी घडी मोडून दुसऱ्या ठिकाणी घाला, एकाच घडीवर दोरा तुटतो.

मला विचाराल तर ठेवूही नका हो. चवथीला काढा, पाहुणे आले की काढा. सांडलं तर धुता येतं हे आता तुम्हाला कळलंय.

डिचोलीहून एक काका लिहितात, बँकेतून रिटायर झालो, आता हातमाग शिकायची इच्छा आहे. घरात माग बसवता येईल का? आणि कुणबी साडी विणता येईल का?

काका, तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. दोन्ही प्रश्नांची उत्तरं हो आहेत पण मध्ये बरंच चालायचं आहे.

साडी विणणं म्हणजे धोटा, आडवा धागा नेणारा, इकडून तिकडे फेकणं असं आपल्याला वाटतं. ते शेवटचं काम. आधी ताणा, म्हणजे कापडाचे उभे धागे. समजा ४५ इंच पन्हा आणि इंचाला ४० धागे, तर १८०० उभे धागे झाले, त्यातला प्रत्येक धागा आधी वर-खाली होणाऱ्या फाशातून आणि मग फणीच्या फटीतून हातानं ओवायचा, क्रम एका जागी चुकला तर कापडात शेवटपर्यंत रेघ दिसते. त्याआधी ताण्याला खळ द्यायची, नाहीतर फणीत घासून धागे तुटतात, आणि ती खळ पुन्हा आपली तांदळाचीच. म्हणजे एक पेज आणि किती कामं बघा. एक गोष्ट आपल्या बाजूची आहे, सुती धागा दमट हवेत मजबूत राहतो आणि कोरड्या हवेत तटातट तुटतो, खड्डा मागावर विणकर जमिनीच्या पातळीला बसतो त्यात ताण्याला जमिनीतला ओलावा मिळतो हाही फायदा असतो.

पण तुम्ही सुरुवात जुन्या फोटोफ्रेमवर करा. खरंच सांगते. फूट दीड फुटाची मजबूत लाकडी चौकट, वरच्या आणि खालच्या पट्टीवर अर्ध्या अर्ध्या सेंटीमीटरवर बारीक खिळे, त्यावर जाड सुती दोरा ताणून वर-खाली गुंडाळा, तबल्याच्या वादीसारखा सारखा ताण हवा, एक सैल एक घट्ट नको. मग मोठ्या बोथट सुईत दुसरा दोरा घेऊन एक धागा वरून एक खालून. आडवा धागा बसवायला घरातला जुना लाकडी कंगवा चालतो. पहिल्या चार इंचातच तुमच्या लक्षात येईल की कापडाची कड आत आत ओढली जातेय, खाली दहा इंच असलेलं वरती आठ झालंय. सगळ्यांचं होतं. कारण आडवा धागा आपण सरळ रेषेत ओढून घेतो, पण त्याला उभ्या धाग्यांवरून खालून नागमोडी जायचं असतं म्हणजे त्याला जास्त लांबी लागते. म्हणून धागा घालताना तो धनुष्यासारखा वर उचलून ठेवायचा आणि मग कंगव्यानं दाबायचा. एवढी एक गोष्ट हाताला बसली की निम्मा विणकर झालात. असे चार पाच तुकडे करा, दोन उसवा, मग पुढचं बोलू. राज्य सरकारचं हस्तकला, वस्त्रोद्योग आणि काथ्या असं वेगळं खातं आहे, तिथं जाऊन सध्या विणकामाचं ट्रेनिंग कुठं चालू आहे ते स्वतः विचारा, फोनपेक्षा प्रत्यक्ष गेलेलं बरं.

कुणबी साडीबद्दल थोडं जास्त लिहिते कारण याच महिन्यात आणखी तिघींनी तेच विचारलंय. ही साडी शेतात राबणाऱ्या बायकांची. कुणबी, गावडा, वेळीप समाजातल्या बायका ती पोटरीपर्यंत नेसायच्या, चिखलात काम करताना भिजू नये म्हणून, आणि पदर खांद्यावर गाठ मारून बांधायचा, त्या गाठीला देठली म्हणतात. लाल जमीन आणि चौकटी. मध्यंतरी गोव्यात ती विणणारेच उरले नव्हते, घरात जुनी एखादी साडी असली तर असली. वेंडेल रॉड्रिक्स, आपल्या कोलवाळचे डिझायनर, ज्यांना २०१४ ला पद्मश्री मिळाली आणि २०२० मध्ये जे गेले, त्यांनी जुने नमुने शोधून ती पुन्हा हातमागावर विणून घेतली आणि मोठ्या फॅशन शोमध्ये नेली. कोलवाळच्या त्यांच्या जुन्या घरात आता मोडा गोवा म्हणून गोव्याच्या पेहरावाचं म्युझियम आहे, डिचोलीहून तुम्हाला जवळच, शिकायला लागण्याआधी एकदा जाऊन या.

आता बाजारात कुणबी म्हणून जे मिळतं त्यात छापील खूप असतं, पॉवरलूमचंही असतं. छापील ओळखणं सोपं, उलटी बाजू बघा, छापील चौकटी मागून फिक्या दिसतात, विणलेल्या दोन्हीकडून सारख्या. हातमागाच्या कापडाच्या दोन्ही काठांना बारीक टोचल्याची भोकं ठरावीक अंतरावर दिसतात कारण विणताना कापड ताठ राहावं म्हणून टोकाला अणकुचीदार खिळे असलेली काठी लावलेली असते. केंद्र सरकारची हँडलूम मार्कची खूण २००६ पासून आहे, ती असेल तर बघा. आणि चौकट विणायची कशी हे तुम्हाला फ्रेमवरच करून बघता येईल: उभ्यात लाल दहा धागे पांढरे दोन, लाल दहा पांढरे दोन, आणि आडव्यातही तेच माप. जिथं पांढऱ्यावर पांढरा येतो तिथं ठिपका उजळतो, लालवर पांढरा जातो तिथं गुलाबीसर दिसतो. आपण गुलाबी दोरा घेतलेलाच नसतो. ते पहिल्यांदा स्वतःच्या हाताखाली उमटताना बघाल तेव्हा मला फोटो पाठवा काका, वाट बघते.

वाळपईहून: आईच्या दोन जुन्या नऊवाऱ्या आहेत. आई गेली. गोधडी करायची आहे, कधी केलेली नाही.

करा. आणि मशिनवर नको.

एका नऊवारीचे आडवे चार तुकडे केले आणि दोन दोन शेजारी जोडले की मोठ्या गोधडीचे दोन थर निघतात. दोन साड्यांचे चार थर, आपल्या हवेला पुष्कळ झाले. विरलेला भाग आत जाऊ द्या, चांगला भाग आणि काठ वर. साड्या आधी धुऊन, खळ असेल तर काढून, कडक उन्हात वाळवा. जमिनीवर एकावर एक थर पसरा, चारी कोपऱ्यांवर वजन ठेवा, आमच्याकडे नारळ ठेवायचे, आणि हातानं मधून कडेकडे सपाट करत चला. मग लांब लांब कच्चे टाके. त्यानंतर कडेपासून सुरुवात, कडेनं एक फेरी पूर्ण, मग एका बोटाच्या अंतरावर आत दुसरी, असं गोल गोल मध्यापर्यंत. साधा धाव दोरा, दुसरं काही नाही. दोरा हातभरच घ्यायचा, लांब घेतला की गुंता होतो आणि ओढून ओढून विरतो.

आपल्या शेजारी, कारवारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, यल्लापूर हळियाळ भागात सिद्दी बायका अशाच गोधड्या करतात, त्यांना कवंदी म्हणतात. त्यांच्या पूर्वजांपैकी कित्येकांना पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात गुलाम म्हणून आणलं होतं, तिथून ते पळून रानात गेले. त्याही कोपऱ्यापासून सुरू करून मध्याकडे येतात आणि शेवटी कोपऱ्यांना कापडाच्या छोट्या त्रिकोणी घड्या लावतात, त्याला फुला म्हणतात, फुला लावल्याशिवाय कवंदी पूर्ण झाली असं त्या मानत नाहीत. तुमच्या गोधडीच्या कोपऱ्यावर आईच्या काठाचा एकेक तुकडा लावता येईल, सहज सुचलं म्हणून लिहिलं.

टाके वाकडे आले तर या एका कामात उसवू नका. बाकी सगळीकडे उसवा म्हणते, इथं नको.

फोंड्याहून कॉलेजची मुलगी: दसऱ्याच्या झेंडूच्या माळा फेकवत नाहीत, त्यानं कापड रंगवता येतं का? आणि कोकमानं?

झेंडूनं येतं, मस्त येतं. कोकमाचा रंग दिसतो सुंदर पण साबण लागला की बदलतो आणि दोन चार धुण्यांत जातो, हळदीचा उन्हात उडतो, त्या दोघांच्या नादी लागू नकोस. सुती कापडाला रंग धरायला आधी हिरडा लागतो आणि मग तुरटी. १०० ग्रॅम कोरडं कापड असेल तर १५ ग्रॅम हिरड्याची पूड गरम पाण्यात कालवून रात्रभर कापड बुडव, पिळून वाळव, मग १५ ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्यात पुन्हा रात्रभर. झेंडूच्या नुसत्या पाकळ्या कापडाच्या दुप्पट वजनाच्या, तासभर मंद उकळून गाळून घे आणि त्यात कापड तासभर ठेव, सारखं हलवत राहा नाहीतर डाग पडतात. भांडं स्टीलचं, लोखंडाचं नको, लोखंड लागलं की पिवळ्याचा शेवाळी होतो. मुद्दाम हवा असेल तर गंजका खिळा टाक की. रंगवायचं भांडं स्वयंपाकाला परत वापरायचं नाही.

काणकोणहून: लोक म्हणतात घरी बसून तर करतेस, एवढे पैसे कसले. किंमत कशी लावू?

वही घे. काम हातात घेतलं की वेळ लिही, ठेवलं की लिही, चहाचा वेळ वजा कर. एका मोठ्या रुमालाला २५ तास लागतात हे कागदावर दिसलं की तुझाच आवाज बदलेल. ताशी जो दर तू दुसऱ्या कुणाला शिवणाचं काम दिलंस तर देशील तो स्वतःला लाव, दोऱ्याचा खर्च वर, आणि उसवलेले तासही धर, तेही कामच आहे. नातेवाइकांना भेट द्यायची तर पूर्ण भेट दे, नाहीतर पूर्ण किंमत सांग, अर्ध्या किमतीत दोघांनाही वाईट वाटतं.

वास्कोहून एक आई: माझा मुलगा दहा वर्षांचा, भरतकाम शिकायचंय म्हणतो. घरचे हसतात, मुलींचं काम म्हणतात. काय करू?

शिकवा, आजच शिकवा. लखनौची आणि हैदराबादची जरदोजी बघा, काश्मीरच्या शालीवरचं सोझनी काम बघा, पिढ्यानपिढ्या पुरुषांनी केलेलं आहे. गावचा शिंपी पुरुष, मागावर बसणारे कित्येक विणकर पुरुष. हसणाऱ्यांना हे सांगायची गरज नाही, मुलाला मात्र सांगा.

त्याला मॅटीचं, म्हणजे धागे मोजता येतील असं जाड विणीचं कापड, बोथट जाड सुई आणि भरतकामाचा सहा पदरी दोरा आणून द्या, सहा पदरांतले तीन काढून वापरायचे. आधी धाव दोरा, मग उलटी टीप, मग साखळी टाका, आणि हे तीन आले की त्याला जे हवं ते काढू द्या, फूलच पाहिजे असं नाही, बस काढेल, फुटबॉल काढेल, काढू दे. मागची बाजू गिचमिड असेल तर आता काही बोलू नका, दुसऱ्या वर्षी बोला.

आणि एका रविवारी संध्याकाळी त्याला बाणावलीच्या किनाऱ्यावर घेऊन जा. रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारे मच्छीमार, जाळी पसरून बसलेले असतात, फाटलेला भाग पायाच्या अंगठ्यात अडकवून ताणतात आणि चपट्या सुईनं एकेक घर भरत जातात, प्रत्येक घर सारख्या मापाचं, माप बोटांचंच. बघायला बोलावतात ती माणसं, विचारलं तर दाखवतातही. मुलाला स्वतःलाच विचारू दे ती गाठ कशी मारायची, आणि खिशात थोडी सुतळी असू द्या, घरी येताना गाडीतच सुरू होईल त्याचं.